सिंगल बोर्ड संगणक सुरू होत नाही तेव्हा : बूटचा क्रम, मेमरी कार्डाचे कप्पे आणि हंगामाच्या नोंदींचे रक्षण

प्रस्तावना

हवामानाच्या नोंदी, जमिनीतील ओलाव्याचे मापन, हरितगृहातील तापमानाचे नियंत्रण आणि ठिबक सिंचनाच्या झडपांचे वेळापत्रक या कामांसाठी तळहाताएवढ्या सिंगल बोर्ड संगणकाचा वापर आता अनेक प्रगतशील शेतकरी करू लागले आहेत. या वर्गातील सर्वपरिचित संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. शालेय विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र शिकता यावे या हेतूने तो ब्रिटनमध्ये तयार झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. अल्प वीज, लहान आकार आणि संवेदक थेट जोडण्याची सोय या गुणांमुळे तो वर्गातून शेताच्या बांधावर पोहोचला.

या संगणकात सर्वसाधारणपणे हार्ड डिस्क नसते. लिनक्स ही कार्यप्रणाली, नियंत्रणाचा प्रोग्रॅम आणि हंगामभराच्या नोंदी या तिन्ही गोष्टी नखाएवढ्या मेमरी कार्डावर असतात. त्यामुळे संगणक सुरू होईनासा झाला की केवळ यंत्र बंद पडत नाही. पेरणीपासूनच्या नोंदीही धोक्यात येतात. यंत्र पुन्हा विकत घेता येते, परंतु सरलेल्या हंगामाचा ओलावा पुन्हा मोजता येत नाही. म्हणून अशा प्रसंगी दुरुस्ती कशी करावी यापेक्षा कोणत्या क्रमाने करावी हे अधिक महत्त्वाचे ठरते. तो क्रम येथे सविस्तर दिला आहे.

लेखात काही संगणकीय आज्ञांचा उल्लेख येईल. त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टंकाव्या लागतात. येथे त्यांच्या प्रत्येक अक्षराचा उच्चार जोडरेषेने लिहिला आहे. टंकताना जोडरेषा देऊ नये.

एक प्रातिनिधिक प्रसंग

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून रायपूर शहरात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. सराफी पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सदर बाजारात राहणाऱ्या आणि शहराबाहेर भाजीपाल्याची शेती करणाऱ्या अशाच एका शेतकरी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. हे उदाहरण प्रातिनिधिक आहे. मात्र त्यातील प्रत्येक दोष प्रत्यक्षात वारंवार आढळणारा आहे.

शेताचा एक भाग काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या कन्हार जमिनीचा आणि दुसरा भाग मुरमाड, पाणी न धरणाऱ्या भाठा जमिनीचा आहे. दोन्ही भागांत ओलाव्याचे संवेदक पुरलेले असून पंपघरातील रास्पबेरी पाय ४ त्यांच्या नोंदी दर दहा मिनिटांनी घेतो आणि त्यानुसार ठिबकच्या झडपा उघडतो व मिटतो. जुलैतील एका रात्री विजांसह पाऊस झाला, वीजपुरवठा तीन वेळा गेला आणि आला. सकाळी भ्रमणध्वनीवर नोंदी येणे थांबले. पंपघरात पाहिले तर संगणकाचा लाल दिवा लागलेला, परंतु हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकून स्थिर झालेला होता.

शेतकऱ्याने कार्ड काढून सदर बाजारातील घरी आणले. पुतण्याने ते विंडोज असलेल्या लॅपटॉपला लावताच पडद्यावर सूचना आली, ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. फॉरमॅट करायची का?’ पुतण्याचा हात ‘होय’ या बटणाकडे गेला. हंगामाच्या सर्व नोंदी त्या एका बटणावर अवलंबून होत्या.

कार्डावरील दोन कप्पे

ही सूचना का येते हे समजण्यासाठी कार्डाची रचना माहीत असावी लागते. रास्पबेरी पायच्या कार्डावर दोन कप्पे असतात. संगणकाच्या भाषेत त्यांना पार्टिशन म्हणतात.

पहिला कप्पा लहान असतो. जुन्या आवृत्त्यांत तो सुमारे २५६ मेगाबाइटचा असे, नव्या आवृत्त्यांत ५१२ मेगाबाइटचा असतो. त्याची मांडणी फॅट प्रकारची असते आणि त्यात संगणक सुरू करण्यासाठी लागणाऱ्या फाइल्स असतात. ही मांडणी विंडोजला वाचता येते.

दुसरा कप्पा उरलेले सर्व कार्ड व्यापतो. त्याची मांडणी ‘ई-एक्स-टी-४’ या लिनक्सच्या पद्धतीची असते. लिनक्स, नियंत्रणाचा प्रोग्रॅम आणि सर्व नोंदी याच कप्प्यात असतात. विंडोजला ही मांडणी वाचता येत नाही.

म्हणजेच कार्ड पूर्णपणे निर्दोष असले तरीही विंडोज दुसऱ्या कप्प्यासाठी फॉरमॅटची सूचना दाखवते. कार्ड बिघडल्याचे ते लक्षण नव्हे. न येणाऱ्या लिपीतील वही पाहून ‘वही कोरी आहे’ असे म्हणण्यासारखे ते आहे. ‘होय’ म्हटल्यास मात्र निर्दोष कप्प्याची मांडणी पुसली जाते. अशी सूचना आल्यावर ‘रद्द’ हेच बटण दाबावे, हा या विषयातील पहिला आणि सर्वांत मोलाचा नियम होय.

या दोन कप्प्यांच्या सीमा कार्डाच्या अगदी सुरुवातीच्या ५१२ बाइट्सच्या भागात नोंदलेल्या असतात. महाराष्ट्रातील सातबारा किंवा छत्तीसगडमधील खसरा ज्याप्रमाणे जमिनीच्या तुकड्याची नोंद देतो, त्याचप्रमाणे हा तक्ता कोणता कप्पा कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे सांगतो. उतारा फाटला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. तसेच तक्ता बिघडला म्हणून कप्प्यातील माहिती लगेच नाहीशी होत नाही. ती नाहीशी होते ती घाईने केलेल्या नव्या नांगरटीमुळे.

दुरुस्तीपूर्वी करावयाच्या तीन गोष्टी

१. पिकाची सोय : संगणक बंद असताना झडपा कोणत्या स्थितीत अडकल्या आहेत हे प्रथम पाहावे. वीज गेल्यावर मिटणारी झडप असेल तर पिकाला पाणी मिळणार नाही. उघडी राहणारी असेल तर वाफ्यात पाणी साचेल. दुरुस्ती होईपर्यंत झडपा हाताने चालवाव्यात.

२. वीजपुरवठ्याची तपासणी : कार्डावर संशय घेण्यापूर्वी वीज तपासावी. रास्पबेरी पाय ४ साठी ५.१ व्होल्ट व ३ अँपिअर क्षमतेचा पुरवठा सुचवलेला आहे. भ्रमणध्वनीचा जुना चार्जर आणि लांब, बारीक तारेची केबल वापरल्यास भार वाढताच व्होल्टेज खाली येते. ते सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की संगणक कमी दाबाचा इशारा देतो. खात्रीचा पुरवठा व आखूड, जाड केबल लावून एकदा प्रयत्न करावा. यूएसबीला जोडलेली इतर सर्व साधने या वेळी काढून ठेवावीत, कारण काही बिघाड केवळ त्यांनी ओढलेल्या विजेमुळे होतात.

३. कार्डाची संपूर्ण नक्कल : कार्डावर कोणताही उपाय करण्यापूर्वी त्याची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंतची नक्कल एका फाइलमध्ये घ्यावी. लिनक्स असलेल्या संगणकावर ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममधील ‘डिस्क इमेज तयार करा’ हा पर्याय वापरता येतो. विंडोजवर ‘विन थर्टी-टू डिस्क इमेजर’ या मोफत प्रोग्रॅममधील ‘रीड’ हे बटण तेच काम करते. कार्ड ३२ गिगाबाइटचे असेल तर तेवढी मोकळी जागा संगणकावर असावी लागते. कार्ड वाचताना वारंवार त्रुटी येत असतील तर साधी नक्कल अर्ध्यावर थांबते. अशा वेळी लिनक्सवरील ‘डीडी-रेस्क्यू’ हा प्रोग्रॅम वापरावा. तो वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतो आणि अडलेल्या जागांची यादी ठेवून त्यांकडे नंतर वळतो. मरू घातलेल्या कार्डासाठी हा क्रम फार उपयुक्त असतो, कारण प्रत्येक जादा वाचनाने त्याची अवस्था बिघडू शकते.

ही नक्कल दुसऱ्या, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेच्या कार्डावर उतरवावी आणि पुढील सर्व उपाय त्या दुसऱ्या कार्डावर करावेत. मूळ कार्ड पाकिटात घालून, त्यावर तारीख लिहून बाजूला ठेवावे.

संगणक सुरू होण्याच्या पायऱ्या

वीज लावल्यापासून काम सुरू होईपर्यंत संगणक ठरावीक पायऱ्या चढतो. तो कोणत्या पायरीवर थांबला हे कळले की दोष कोठे शोधायचा हे आपोआप ठरते.

पहिली पायरी : संगणकाच्या चिपमधील कायमस्वरूपी प्रोग्रॅम जागा होतो. रास्पबेरी पाय ४ व त्यापुढील नमुन्यांत तो बोर्डावरील एका लहान स्मृतीतून बूटलोडर उचलतो. पाय ३ पर्यंतच्या नमुन्यांत हे काम कार्डाच्या पहिल्या कप्प्यातील फाइलकडे असते.

दुसरी पायरी : बूटलोडर पहिला कप्पा वाचतो. त्यातील ‘स्टार्ट’ नावाची फर्मवेअर फाइल, तसेच ‘कॉन्फिग’ व ‘सीएमडीलाइन’ या दोन मजकूर फाइल्स उचलतो.

तिसरी पायरी : पहिल्याच कप्प्यातील कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्मृतीत येतो आणि कामाला लागतो.

चौथी पायरी : ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये दुसऱ्या कप्प्याचा ओळखक्रमांक लिहिलेला असतो. त्या आधारे कर्नल दुसरा कप्पा शोधून उघडतो.

पाचवी पायरी : दुसऱ्या कप्प्यातील ‘एफ-एस-टॅब’ या यादीप्रमाणे इतर कप्पे व साधने जोडली जातात आणि संवेदकांचा प्रोग्रॅम सुरू होतो.

पायरीनुसार निदान

निदानासाठी दोन खिडक्या उपलब्ध असतात : हिरवा दिवा आणि पडदा. पंपघरात पडदा नसतो, म्हणून बोर्ड घरी आणून दूरचित्रवाणी संचाला जोडावा. पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय केबल लागते आणि ती विजेच्या जोडणीजवळच्या छिद्रात लावावी लागते.

लाल दिवाही लागत नाही : दोष विजेचा. चार्जर, केबल आणि जोडणी पाहावी. कार्डाला हात लावू नये.

लाल दिवा लागतो, हिरवा मुळीच लुकलुकत नाही : कार्ड नीट बसलेले नसणे, कार्ड मृत असणे किंवा बोर्डावरील बूटलोडर बिघडणे यांपैकी एक कारण असते. चालू असल्याची खात्री असलेले दुसरे कार्ड लावून पाहावे. त्यानेही काही होत नसेल तर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ या प्रोग्रॅमद्वारे एका रिकाम्या कार्डावर बूटलोडर दुरुस्तीची फाइल लिहून ते कार्ड लावावे. दुरुस्ती यशस्वी झाल्यास हिरवा दिवा जलद व अखंड लुकलुकतो आणि जोडलेला पडदा हिरवा होतो.

हिरवा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो : हा संगणकाने दिलेला सांकेतिक निरोप असतो. चार लहान उघडझापी म्हणजे ‘स्टार्ट’ फाइल सापडली नाही. सात लहान म्हणजे कर्नल सापडला नाही. दोन लांब व एक लहान म्हणजे पहिल्या कप्प्याची मांडणी फॅट प्रकारची नाही. दोन लांब व दोन लहान म्हणजे कप्पा वाचता आला नाही. प्रत्येक निरोप विरामानंतर पुन्हा सुरू होतो, म्हणून तो दोन-तीन वेळा मोजून कागदावर लिहावा. हे चारही निरोप दुसऱ्या पायरीशी किंवा तिसऱ्या पायरीच्या आरंभाशी, म्हणजेच पहिल्या कप्प्याशी संबंधित आहेत. दुसऱ्या कप्प्यातील नोंदी अशा वेळी बहुधा सुरक्षित असतात.

पडद्यावर इंद्रधनुषी चौकोन येऊन थांबतो : फर्मवेअर उचलले गेले, परंतु कर्नल कामाला लागला नाही. कर्नलची फाइल अर्धवट लिहिली गेलेली असणे किंवा कार्डावरील आवृत्ती त्या बोर्डासाठी फार जुनी असणे ही नेहमीची कारणे होत. 

‘रूट डिव्हाइस’ची वाट पाहत असल्याचा किंवा ते अस्तित्वात नसल्याचा संदेश येतो : कर्नल चालला, पण ‘सीएमडीलाइन’मध्ये लिहिलेल्या ओळखक्रमांकाचा कप्पा त्याला मिळाला नाही. कार्डाची नक्कल करताना किंवा कप्पे नव्याने पाडताना हा क्रमांक बदलू शकतो. लिनक्स संगणकावर ‘बी-एल-के-आय-डी’ ही आज्ञा देऊन खरा क्रमांक पाहावा आणि ‘सीएमडीलाइन’ तसेच ‘एफ-एस-टॅब’ या दोन्ही फाइल्समध्ये तो दुरुस्त करावा. ‘सीएमडीलाइन’मधील सर्व मजकूर एकाच ओळीत असावा लागतो, मध्ये ओळ तोडल्यास पुढील मजकूर वाचला जात नाही.

‘कर्नल पॅनिक’ अथवा हाताने तपासणी करण्याची मागणी करणारा संदेश येतो : दुसरा कप्पा सापडला, परंतु त्यातील मांडणी विस्कटली आहे. संदेशात ‘१७९,२’ असे अंक दिसले तर त्यातील १७९ हा मेमरी कार्डाचा आणि २ हा दुसऱ्या कप्प्याचा निर्देश असतो. यावरील उपाय पुढील भागात दिला आहे.

सुमारे दीड मिनिट थांबून ‘इमर्जन्सी मोड’ हा संदेश येतो : हा दोष बहुधा कार्डाचा नसून ‘एफ-एस-टॅब’ यादीचा असतो. नोंदींसाठी लावलेला पेन ड्राइव्ह यादीत असतो, पण प्रत्यक्षात काढून टाकलेला असतो. लिनक्स त्याची ९० सेकंद वाट पाहते आणि मग सुरू होणे सोडून देते. यादीतील त्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घातला की साधन नसतानाही संगणक सुरू होतो. एका पेन ड्राइव्हमुळे संपूर्ण सिंचन थांबू नये, यासाठी हा शब्द आरंभीच घालून ठेवणे शहाणपणाचे आहे.

संगणक सुरू होतो, पण नोंदी होत नाहीत : कार्ड भरले असण्याची शक्यता असते. ‘डी-एफ’ या आज्ञेने मोकळी जागा पाहावी. आणखी एक फसवा प्रकार आहे. आयुष्य संपत आलेली काही कार्डे स्वतःला केवळ वाचनापुरती कुलूपबंद करून घेतात. फाइल पुसल्यासारखी वाटते, परंतु संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती जागेवरच असते. असे कार्ड दुरुस्त होत नाही. नक्कल घेऊन ते बदलावे.

दुसऱ्या कप्प्याची दुरुस्ती

लिनक्स असलेल्या संगणकाला नक्कल केलेले कार्ड यूएसबी वाचकातून जोडावे आणि ‘एल-एस-बी-एल-के’ ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या सर्व डिस्क, त्यांचे कप्पे व आकार यांची यादी दिसते. आकारावरून आपले कार्ड कोणते हे निश्चित करावे. येथे चूक झाल्यास त्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उपाय होण्याचा धोका असतो, म्हणून कार्ड काढून एकदा आणि लावून एकदा अशी यादी दोन वेळा पाहावी.

त्यानंतर दुसऱ्या कप्प्यावर ‘एफ-एस-सी-के’ ही तपासणीची आज्ञा चालवावी. कप्पा जोडलेल्या, म्हणजे ‘माउंट’ झालेल्या अवस्थेत असताना ती कधीही चालवू नये. आधी तो ‘अनमाउंट’ करावा. तपासणीत सापडलेले, परंतु मूळ नाव हरवलेले तुकडे ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये ठेवले जातात. नोंदींची फाइल जागेवर नसेल तर तेथे अवश्य पाहावे.

कधीकधी कप्प्याचा मुख्य माहितीखंड, म्हणजे ‘सुपरब्लॉक’, खराब झाल्याचे सांगून तपासणी थांबते. ई-एक्स-टी-४ पद्धतीत या खंडाच्या प्रती कप्प्यात ठरावीक अंतरांवर ठेवलेल्या असतात. ४ किलोबाइटचे ठोकळे असलेल्या कप्प्यात पहिली प्रत ३२,७६८ क्रमांकाच्या ठोकळ्यात असते. तपासणीच्या आज्ञेत ‘वजा बी’ हा पर्याय व हा क्रमांक दिल्यास त्या प्रतीवरून दुरुस्ती सुरू होते.

कप्पेच दिसत नसतील तर सीमांचा तक्ता बिघडला आहे असे समजावे. ‘टेस्टडिस्क’ हा मोफत प्रोग्रॅम संपूर्ण कार्ड चाळून कप्प्यांच्या खुणा शोधतो आणि तक्ता पुन्हा लिहून देतो. लिहिण्यापूर्वी त्याने दाखवलेले कप्पे खरे आहेत का हे पाहावे : एक लहान फॅट आणि एक मोठा ई-एक्स-टी-४. त्यातील फाइल्सची नावे दिसत असतील तरच पुढे जावे.

सदर बाजारातील कार्डाचे पुढे काय होते

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. घरात कोणीतरी ‘रद्द’ म्हटले, तर पुढील मार्ग मोकळा राहतो. बोर्ड दूरचित्रवाणी संचाला जोडल्यावर दुसऱ्या कप्प्याची हाताने तपासणी करावी अशा अर्थाचा संदेश दिसतो. म्हणजे पहिल्या तीन पायऱ्या निर्दोष आहेत. दोष चौथ्या पायरीवर आहे. हिरवा दिवा लुकलुकून थांबण्याचा अर्थही येथे लागतो. कार्डाची नक्कल घेऊन ती नव्या कार्डावर उतरवली जाते, तपासणीची आज्ञा काही त्रुटी दुरुस्त करते आणि संगणक सुरू होतो. वीज गेली त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या शेवटच्या काही नोंदी हरवतात. कन्हार आणि भाठा या दोन्ही जमिनींच्या त्यापूर्वीच्या नोंदी हाती लागतात.

परंतु काम येथे संपत नाही. संगणक सुरू असताना ‘व्ही-सी-जी-ई-एन-सी-एम-डी’ या आज्ञेपुढे ‘गेट-थ्रॉटल्ड’ हे शब्द खालच्या रेषेने जोडून दिले की वीजपुरवठ्याचा इतिहास कळतो. उत्तरात केवळ शून्य आले तर सर्व ठीक असते. ‘पाच आणि त्यापुढे चार शून्ये’ असे उत्तर आले तर संगणक सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज कमी पडले होते आणि त्यामुळे त्याने आपला वेगही कमी केला होता. उदाहरणातील पंपघरात भ्रमणध्वनीचा चार्जर होता. कार्ड बदलून चार्जर तोच ठेवला असता तर पुढच्या वादळात हाच प्रसंग पुन्हा आला असता.

दुरुस्तीनंतर तारीख व वेळही पाहावी. पाय ४ व त्याआधीच्या नमुन्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. इंटरनेट नसताना संगणक सुरू झाल्यास वेळ चुकीची लागते आणि नोंदी चुकीच्या तारखेला पडतात. अशा नोंदी हरवलेल्या नोंदींपेक्षाही दिशाभूल करणाऱ्या असतात. पंपघरात इंटरनेट खात्रीचे नसेल तर घड्याळाचे लहान मॉड्यूल बसवावे.

बिघाड टाळण्यासाठी

१. ई-एक्स-टी-४ मांडणी आपल्या रचनेतील बदलांची आगाऊ टिपणी ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेल्यावरही ती बहुधा सावरते. मात्र कार्डातील नियंत्रक स्वतःच्या सोयीने माहितीची आतल्या आत हलवाहलव करीत असतो. त्या क्षणी वीज गेली तर लिहिल्या न जाणाऱ्या फाइल्सनाही इजा होते. म्हणून संगणकासाठी बॅटरीचा आधार असावा आणि तो नेहमी ‘शटडाउन’ आज्ञेनेच बंद करावा.

२. ‘रास्पी-कॉन्फिग’मधील ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ हा पर्याय चालू केल्यास दुसऱ्या कप्प्यावर काहीही लिहिले जात नाही. सर्व बदल तात्पुरत्या स्मृतीत राहतात. अशा वेळी नोंदींसाठी वेगळा पेन ड्राइव्ह किंवा यूएसबी एसएसडी लावावा. कार्यप्रणाली व नोंदी वेगळ्या ठेवल्याने एकीचा बिघाड दुसरीला बाधत नाही.

३. सतत लेखनासाठी बनवलेले, ‘हाय एंड्युरन्स’ वर्गाचे कार्ड घ्यावे. नवे कार्ड खरोखर छापील क्षमतेचे आहे का हे ‘एफ-थ्री’ या प्रोग्रॅमने तपासावे. बनावट कार्ड अधिक क्षमता दाखवते आणि खरी जागा संपल्यावर पुढील माहिती गमावते.

४. रायपूर किंवा विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या पंपघरातील बंद पेटी फार तापते. चिपचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की संगणक वेग कमी करू लागतो. पेटी सावलीत, हवा खेळती राहील अशी, परंतु पाऊस व कीटकांपासून सुरक्षित असावी.

५. हंगामाच्या आरंभी, सर्व काही चालू असताना कार्डाची एक नक्कल घेऊन दुसरे तयार कार्ड पंपघरातच ठेवावे. बिघाडाच्या सकाळी कार्ड बदलून सिंचन चालू करता येते आणि दुरुस्ती निवांतपणे करता येते. नोंदींची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या ठिकाणी घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी नोंदपत्रक

ज्या शेतावर असा संगणक आहे तेथे पुढील बाबींचा एक कागद पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवावा : बोर्डाचा नमुना, कार्यप्रणालीची आवृत्ती, चार्जरचे व्होल्ट व अँपिअर, ‘एल-एस-बी-एल-के’ आज्ञेने दाखवलेले कप्पे व त्यांचे आकार, दोन्ही कप्प्यांचे ओळखक्रमांक, नोंदींची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, शेवटची नक्कल घेतल्याची तारीख, आणि झडपा हाताने चालवण्याची रीत. कागदाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहावे : ‘हे कार्ड विंडोज संगणकात फॉरमॅट करू नये.’

समारोप

सिंगल बोर्ड संगणकाचा बिघाड ही बहुधा गूढ घटना नसते. तो ज्या पायरीवर थांबला ती पायरी दिवा किंवा पडदा सांगत असतो, आणि त्यामागील मूळ कारण पुष्कळदा वीज किंवा कार्ड यांपैकी एक असते. पिकाची सोय, विजेची तपासणी, कार्डाची नक्कल, पायरीचे निदान आणि शेवटी दुरुस्ती हा क्रम पाळला तर सामान्य शेतकरीही बहुतेक प्रसंगांतून नोंदींसह बाहेर पडू शकतो. क्रम उलटला, म्हणजे दुरुस्ती आधी आणि नक्कल नंतर असे झाले, तर जाणकारालाही काही करता येत नाही. रोगाची ओळख पटण्यापूर्वी फवारणी करू नये हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; तोच विवेक पंपघरातील या लहानशा यंत्रालाही लागू आहे.